बंकरमधल्या चेंडूला हात लावताना

बंकरमध्ये चेंडू गेला की सोबतचे तिघं एकदम कायदेपंडित होतात. ‘वाळूला हात नको’, ‘ते पान तसंच राहू दे’, ‘चेंडू उचललास तर दोन पेनल्टी’, ‘रेक आत टाकू नकोस’. रविवार सकाळच्या फोरबॉलमध्ये ऐकू येणाऱ्या या सूचनांपैकी बऱ्याचशा आज चुकीच्या आहेत. त्यातल्या काही एके काळी बरोबर होत्या, हीच खरी पंचाईत. गोल्फचे नियम जानेवारी २०१९ मध्ये मुळापासून नव्याने लिहिले गेले आणि २०२३ मध्ये त्यांत आणखी दुरुस्त्या झाल्या. पण कोर्सवरचं शहाणपण वडिलोपार्जित असतं. ज्यांनी आपल्याला खेळ शिकवला त्यांनी जुने नियम शिकवले, आणि आपणही तेच पुढच्याला सांगत राहतो.

बंकरचा नियम सध्या बाराव्या क्रमांकाचा आहे. त्याचा रोख ध्यानात आला की फारसं पाठांतर करावं लागत नाही. वाळूला स्पर्श झाला की नाही, एवढ्यावर आता काही ठरत नाही. वाळू चाचपून पुढच्या फटक्याचा अंदाज घेतलात का, आणि स्वतःचं काम सोपं करून घेतलंत का, हे पाहिलं जातं. चेंडूला हात लावायचा असेल तर आणखी दोन गोष्टी आल्या: उचलायला नियमात बसणारं कारण हवं, आणि परत ठेवायचा असेल तर तो होता तसाच ठेवायला हवा.

आधी चेंडू बंकरमध्ये आहे का, ते पाहा

बंकर म्हणजे मुद्दाम तयार केलेला वाळूचा भाग. त्याच्या कडेची मातीची किंवा हिरवळीची भिंत, वरचा ओठ, मधोमध वाढलेलं गवताचं बेट, वाऱ्याने किंवा फटक्यांनी बाहेर सांडलेली वाळू, यांतलं काहीही बंकरमध्ये मोडत नाही. चेंडू कडेच्या आत वाळूला जरासा जरी टेकला असेल तर तो बंकरमध्ये आहे. वाळूला अजिबात न टेकता गवतावर बसला असेल तर तो बंकरमध्ये नाही, मग सगळीकडून वाळूने वेढलेला का असेना. उलट पावसाने वाळू वाहून जाऊन खालची माती उघडी पडली असेल, तर तिथला चेंडू मात्र बंकरमध्येच धरतात, कारण एरवी तिथे वाळू असते.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण त्यानेच एका माणसाची मेजर स्पर्धा घालवली. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, व्हिसलिंग स्ट्रेट्सच्या शेवटच्या होलवर, डस्टिन जॉन्सन एका फटक्याने आघाडीवर होता. त्याचा चेंडू प्रेक्षकांनी तुडवलेल्या वाळूच्या एका पट्ट्यात गेला. जॉन्सनला ती मोकळी, उजाड जमीन वाटली आणि त्याने चेंडूमागे क्लब टेकवला. त्या कोर्सवर वाळूचे असे असंख्य तुकडे आहेत आणि ते सगळे बंकर धरले जातील, अशी सूचना लॉकर रूममध्ये लावलेली होती. दोन फटक्यांची पेनल्टी बसली, पाचाचे सात झाले, आणि प्ले-ऑफ मार्टिन कायमर व बुब्बा वॉटसन यांच्यात झाला. आजच्या नियमातही जॉन्सन सुटला नसता. चेंडूच्या लगेच मागे किंवा लगेच पुढे क्लबने वाळूला स्पर्श करायला अजूनही मनाई आहे.

चेंडू बंकरबाहेर गवतावर आहे आणि तुमचे पाय फक्त वाळूत आहेत, अशा वेळी बारावा नियम लागूच होत नाही. क्लब टेकवला तरी चालेल. पण टेकवणं वेगळं आणि चेंडूमागची वाळू क्लबने दाबून, सारून वाट करून घेणं वेगळं. ते कोर्सवर कुठेही चालत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बहामात पॅट्रिक रीडला याचाच फटका बसला. चेंडू बंकरमध्ये नव्हता, रेताड मोकळ्या भागात होता, म्हणजे क्लब टेकवायची मुभा होती. रीडने सरावाच्या स्विंगमध्ये दोनदा चेंडूमागची वाळू सारली, ते कॅमेऱ्याने टिपलं आणि दोन फटके वाढले. स्पर्धेअखेर तो विजेत्यापेक्षा दोनच फटक्यांनी मागे होता.

वाळूशी कुठवर सलगी चालते

मनाई असलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत. वाळू किती खोल, किती ओली, किती भुसभुशीत आहे हे कळावं म्हणून हाताने, क्लबने किंवा रेकने मुद्दाम चाचपायचं नाही. चेंडूच्या लगेच मागेपुढे क्लब वाळूला लावायचा नाही. सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला स्पर्श नको, आणि खऱ्या फटक्यासाठी क्लब मागे नेतानाही नको. यांतलं काही घडलं तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके आणि मॅच प्लेमध्ये होल गेला.

बाकी बरंच चालतं. उभं राहताना पाय वाळूत रुतवणं चालतं, आणि गंमत म्हणजे पायाला वाळूचा जो अंदाज येतो तो नियमाला मान्य आहे. दुसरा क्लब, रेक, अगदी बॅगसुद्धा बंकरमध्ये ठेवता येते. तोल जातोय म्हणून, किंवा सोबत्याचा फटका होईपर्यंत वाट पाहताना क्लबवर रेलून उभं राहता येतं. चेंडू बाहेरच आला नाही म्हणून चिडून वाळूवर क्लब आपटला, तरी तेवढ्यावरून पेनल्टी नाही. मात्र त्या तडाख्याने तुमच्या पुढच्या फटक्याची वाट सोपी झालेली नसावी. राग नियमकर्त्यांनी माफ केला आहे, हे मला तरी फार समजूतदारपणाचं वाटतं.

बॅकस्विंगमध्ये वाळूचे चार कण हलले तर काय, असा प्रश्न नेहमी येतो. २०१६ च्या यूएस वीमेन्स ओपनच्या प्ले-ऑफमध्ये ॲना नॉर्डक्विस्टच्या क्लबने बंकरमधल्या वाळूला असाच ओझरता स्पर्श केला. तो दिसला टीव्हीवरच्या मोठ्या केलेल्या चित्रात. पेनल्टी लागली आणि ब्रिटनी लँग जिंकली. पुढल्याच वर्षी, २०१७ मध्ये, नुसत्या डोळ्यांना जे दिसणं शक्य नव्हतं त्याबद्दल केवळ व्हिडिओवरून शिक्षा करायची नाही, असं ठरवण्यात आलं. तेव्हा शंकेखोर सोबत्याने मोबाइल झूम करून दाखवला तर घाबरू नका. पण वाळू उडताना तुम्हाला स्वतःला दिसली असेल, तर कुणी पाहिलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

चेंडू बाहेर गेला की बंधनं सुटतात. पाऊलखुणा पुसा, खड्डा बुजवा, हवी तेवढी वाळू ओढा. चेंडू थेट कोर्सच्या हद्दीबाहेर गेला आणि पेनल्टी घेऊन पुन्हा त्याच बंकरमध्ये ड्रॉप करायचा आहे, तरीसुद्धा ड्रॉप करण्याआधी तिथली वाळू सारखी करता येते. हे फार थोड्यांना माहीत असतं. मात्र ड्रॉप झाला की बंधनं पुन्हा सुरू.

उचलायचा कधी, कसा

आता मुख्य भाग. वाळूत अर्धा गाडला गेलेला चेंडू, वरून दिसतोय पांढरा गोल तेवढा. तुम्ही खेळताय त्याच कंपनीचा चेंडू सोबत्याकडेही आहे आणि दोघांचेही फटके याच बाजूला आले होते. अशा वेळी अंदाजाने मारू नका. चेंडू आपला आहे की नाही हे पाहण्यासाठी तो उचलायची किंवा फिरवून बघायची परवानगी बंकरमध्येही आहे.

त्याची रीत अशी. आधी जागेवर खूण करायची: चेंडूच्या लगेच मागे किंवा शेजारी टी खोचा किंवा नाणं ठेवा. झाडाचं पान किंवा काटकी ही खूण धरली जात नाही, वस्तू माणसाने बनवलेली हवी. टी खोचताना वाळूला स्पर्श झाला तर हरकत नाही, कारण खूण करणं हे नियमातलंच काम आहे. मग चेंडू दोन बोटांनी उचला किंवा जागच्या जागी फिरवा, आणि चेंडूवरची तुमची खूण दिसते का पाहा. ओळख पटण्यापुरतीच वाळू झटकायची. टॉवेल बाहेर काढून चकचकीत पुसायचा नाही. खूण न करता उचलला किंवा गरजेपेक्षा जास्त साफ केला तर एक फटका पेनल्टी. ओळख पटवायची गरजच नव्हती, चेंडूवरची खूण वरच स्पष्ट दिसत होती, तरी उचललात, तर तिथेही एक.

पूर्वी चेंडू उचलण्याआधी सोबत्याला सांगून त्याला पाहायची संधी द्यावी लागे. २०१९ पासून तशी सक्ती नाही. तरी मी म्हणेन की सांगा. ‘ओळखायला उचलतोय’ एवढे दोन शब्द बोलले की पुढचा अर्ध्या तासाचा वाद टळतो.

चेंडू तुमचाच निघाला की तो त्याच जागी ठेवायचा, आणि वाळूची अवस्थासुद्धा पूर्वीसारखी करायची. इथे लोक सर्रास चुकतात. अर्धा रुतलेला चेंडू उचलला, पाहिला आणि वाळूवर अलगद ठेवून दिला, की वाईट लाय चांगली झाली. नियमाला हे मुळीच मंजूर नाही. खळगा पुन्हा करायचा, चेंडू त्यात बसवायचा, भोवतीची वाळू होती तशी सारायची. पूर्ण गाडलेला असेल तर पुन्हा झाकायचा; मात्र त्याचा थोडासा भाग दिसेल असा उघडा ठेवायची सवलत आहे, म्हणजे मारायचं कुठे ते कळावं. हे न करता फटका मारलात तर दोन फटके.

चेंडू शोधण्यालाही हेच लागू. तो वाळूत पूर्ण बुडाला असेल तर हाताने किंवा रेकने वाळू उकरून शोधता येतं. शोधताना चुकून धक्का लागून हलला तर पेनल्टी नाही, जागेवर ठेवायचा आणि लाय पूर्वीसारखी करायची. वेळ मात्र तीनच मिनिटं. पूर्वी पाच असत. तेवढ्यात सापडला नाही तर तो हरवला.

एवढी खटपट कशाला, असं वाटेल. पण चुकीचा चेंडू मारल्याची शिक्षा दोन फटके आहे, मॅच प्लेमध्ये होलच जातो. स्ट्रोक प्लेमध्ये तो चुकीचा फटका मोजत नाहीत, पण परत येऊन स्वतःचा चेंडू खेळावाच लागतो. तसं न करता पुढच्या होलवर टी-ऑफ केलात तर स्पर्धेतून बाद. २००८ पूर्वी बंकरमध्ये ओळखण्यासाठी चेंडू उचलता येत नसे, म्हणून तिथे चुकीचा मारला तरी माफ होतं. त्या वर्षी उचलायची परवानगी आली आणि माफी गेली. जुने खेळाडू ‘बंकरमध्ये राँग बॉलला पेनल्टी नसते’ असं छातीठोकपणे सांगतात ते यामुळे.

या सगळ्यावर एक स्वस्त उपाय आहे. पहिल्या टीवर जाण्याआधी चेंडूवर मार्करने दोन-तीन ठिकाणी ठळक खूण करा, म्हणजे तो कसाही पडला तरी एखादी वर दिसेल. एकाच बंकरमध्ये एकाच कंपनीचे, एकाच क्रमांकाचे दोन चेंडू सापडले आणि कुणाचा कुठला हे दोघांनाही सांगता येईना, तर दोन्ही हरवलेले धरले जातात. डोळ्यांसमोर चेंडू आणि तरी हरवला! यापेक्षा चिडवणारी गोष्ट गोल्फमध्ये क्वचित असेल.

उचलायची आणखी दोन कारणं नियमात बसतात आणि रीत तीच आहे: खूण करा, साफ करू नका, होता तसा ठेवा. चेंडू चिरला किंवा तडकला असल्याची वाजवी शंका असेल तर उचलून बघता येतो; नुसता ओरखडा किंवा रंग उडालेला असेल तर बदलता येत नाही. सोबत्याच्या फटक्याच्या आड तुमचा चेंडू येत असेल तर तो तुम्हाला उचलायला सांगू शकतो. स्ट्रोक प्लेमध्ये उचलण्याऐवजी तुम्ही आधी खेळू शकता, आणि ते बहुधा सोपं पडतं. चेंडू उचललात आणि सोबत्याच्या फटक्याने तुमच्या जागेभोवतीची वाळू उधळली, खड्डा पडला किंवा ढीग साचला, तर घाबरू नका. पूर्वीची स्थिती तुम्हाला परत करून घेता येते. दुसऱ्याने बिघडवलेलं दुरुस्त करता येतं, स्वतः बिघडवलेलं नाही. तुमचा चेंडू येऊन पडण्याआधीच कुणीतरी न बुजवलेल्या पावलात तो जाऊन बसला असेल, तर मात्र काही इलाज नाही. त्या अज्ञात गृहस्थाचा उद्धार करा आणि खेळा.

रुतलेल्या चेंडूबद्दलही गैरसमज आहे. फेअरवेवर किंवा रफमध्ये मातीत रुतलेला चेंडू फुकट उचलून ड्रॉप करता येतो, म्हणून बंकरमध्येही तसं चालेल असं अनेकांना वाटतं. वाळूत रुतलेल्या चेंडूला फुकट सवलत नाही. आहे तसा मारा, नाहीतर पेनल्टी घ्या.

पान, दगड, रेक

पानं, काटक्या, खडे, शेण, किडे, मुंग्यांची वारुळं, हे सगळं सुटं असेल तर बंकरमध्ये आता बाजूला करता येतं. करताना हाताला थोडी वाळू लागणारच, तेवढी चालते. पण पान उचलताना चेंडू हलला तर एक फटका आणि चेंडू परत जागेवर. त्यामुळे चेंडूला टेकलेलं पान मी तरी राहू देतो. वाळूला खेटून असलेला मोठा खडा मात्र अवश्य काढा, मनगट वाचेल.

रेक, पाण्याची बाटली, वेष्टनं यांचा हिशेब वेगळा. माणसाने बनवलेली, हलवता येणारी वस्तू काढताना चेंडू हलला तर पेनल्टी नाही. रेकला टेकून उतारावर थांबलेला चेंडू हे नेहमीचं दृश्य. रेक काढण्याआधी जागेवर खूण करा, कारण चेंडू बहुधा घरंगळणार. घरंगळला की त्याच जागी ठेवा. पुन्हा घरंगळला तर दुसऱ्यांदा ठेवून बघा. तरीही थांबेना, तर जिथे थांबेल अशी सर्वांत जवळची जागा शोधायची, बंकरच्या आतच आणि होलच्या अधिक जवळ नसलेली. अंगठ्याने हलकेच दाबून वाळूत ‘बसवणं’ ही आपल्याकडची लाडकी युक्ती आहे आणि ती नियमबाह्य आहे. चेंडू ठेवून हात सोडायचा.

पाय रुतवताना वाळू सरकून चेंडू हलला तर तो तुमच्यामुळे हलला. एक फटका, आणि परत जागेवर. चढ्या उतारावर उभं राहताना म्हणूनच घाई नको. चेंडू भिंतीवर आपटून परत येऊन तुमच्याच अंगाला लागला तर मात्र आता काही नाही. जिथे थांबेल तिथून पुढे. २००३ च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेल्या जेफ मॅगर्टला तिसऱ्या होलवर असाच उलटा आलेला चेंडू लागला, तेव्हाच्या नियमाने दोन फटके पडले आणि त्या होलवर सात झाले. आज ते दोन फटके पडले नसते.

पावसाळ्यातले बंकर

चेंबूर, खारघर, येरवडा, जुलै-ऑगस्टमध्ये कुठेही खेळा, बंकरमध्ये पाणी साचणारच. पाण्यात चेंडू असेल, किंवा उभं राहायच्या जागेत पाणी येत असेल, तर फुकट सवलत मिळते, पण बंकरच्या आतच. पाण्यापासून पूर्ण सुटका होईल अशी बंकरमधली सर्वांत जवळची जागा शोधा, होलच्या जवळ न जाता एका क्लबच्या लांबीत गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करा. हा चेंडू पुसता येतो, कारण तो सवलतीत उचललेला आहे. सगळाच बंकर भरला असेल तर त्यातल्या त्यात कमी पाण्याची जागा घ्यायची. बंकरबाहेरच जायचं असेल तर एक फटका द्या आणि होल व चेंडू यांच्या रेषेत मागे जाऊन ड्रॉप करा.

पाणी डोळ्यांना दिसायला हवं, नुसती ओली, घट्ट झालेली वाळू सवलतीला पात्र नाही. मुद्दाम पाय दाबून पाणी वर काढणंही चालत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी नोटीस बोर्ड वाचा. समिती ठरावीक बंकर पाण्याने भरले म्हणून दुरुस्तीखालची जागा घोषित करू शकते, आणि मग त्या बंकरमधून फुकट बाहेर पडता येतं. ‘प्रेफर्ड लाय’चा स्थानिक नियम लागू आहे असं ऐकून काही जण बंकरमध्येही चेंडू उचलून पुसतात आणि सोयीच्या जागी ठेवतात. तो नियम फेअरवेच्या उंचीला किंवा त्याहून खाली कापलेल्या गवतापुरता असतो. बंकरचा त्याच्याशी संबंध नाही.

कुत्र्यांच्या पंजांचे ठसे हा आपल्या कोर्सवरचा आणखी एक कायमचा विषय. कुत्र्याने बीळ किंवा खड्डा खणला असेल तर सवलत आहे. नुसत्या ठशाला नाही.

खेळणं अशक्य वाटलं तर

चेंडू ओठाखाली असा दबला आहे की तीन फटक्यांतही निघणार नाही. तो खेळण्याजोगा नाही हे ठरवायचा अधिकार फक्त तुमचा, कारण सांगावं लागत नाही. चार वाटा आहेत. मागचा फटका जिथून मारला तिथे परत जा, एक फटका. रेषेत मागे, पण बंकरच्या आत ड्रॉप करा, एक फटका. चेंडूपासून दोन क्लबच्या लांबीत, पुन्हा बंकरच्या आतच, एक फटका. आणि २०१९ मध्ये आलेली चौथी: होल-चेंडूच्या रेषेत मागे, बंकरबाहेर, दोन फटके.

चौथी वाट नवी आणि आकर्षक, म्हणून लोक तिच्याकडेच धावतात. जरा हिशेब करा. तुमचा दुसरा फटका बंकरमध्ये गेला. चौथ्या वाटेने गेलात तर पुढचा फटका पाचवा. पहिल्या वाटेने गेलात तर चौथा, आणि तोही बंकरबाहेरून. ग्रीनजवळच्या गवतातून मारलेला छोटा चिप पलीकडच्या बंकरमध्ये गेला असेल, तर परत त्याच गवतात जाणं किती स्वस्त! लांबून दीडशे यार्डांवरून आला असेल तर मात्र दोन फटके देऊन बंकरच्या मागे ड्रॉप करणंच बरं. आणि मागचा फटका याच बंकरमधून मारून फसला असेल तर पहिली वाट तुम्हाला पुन्हा वाळूतच नेते, हे विसरू नका.

कॅडी आणि शंका

आपल्याकडे कॅडी असतो आणि तो मदतीला फार तत्पर असतो. त्याने केलेली चूक तुमच्या नावावर लागते. तुम्ही फटका मारण्याआधी त्याने बंकरमधल्या मागच्या पाऊलखुणा कोर्सच्या निगेसाठी पुसल्या तर ठीक. चेंडू आणि होल यांच्यामधली वाळू सारखी करून दिली तर पेनल्टी तुम्हाला. ‘साहेब, तुमचाच आहे’ म्हणत त्याने न विचारता चेंडू उचलून दाखवला, तर एक फटका. तुम्ही सांगितल्यावर उचलला तर चालेल, आणि ज्याने उचलला तो किंवा तुम्ही, दोघांपैकी कुणीही परत ठेवू शकतं. ड्रॉप मात्र खेळाडूनेच करायचा. नव्या कॅडीला हे पहिल्या टीवरच सांगून टाका, बंकरमध्ये उभं राहून ओरडण्यात अर्थ नाही.

एवढं वाचूनही एखादी वेळ अशी येईल की चौघांची चार मतं असतील आणि पंच कुठे दिसणार नाही. स्ट्रोक प्लेमध्ये अशा वेळी दोन चेंडूंनी खेळून होल पूर्ण करता येतो. शंका आली की पुढचा फटका मारण्याआधी तसं जाहीर करा, आणि नियमाला मंजूर ठरल्यास कुठल्या चेंडूचा स्कोअर धरायचा तेही तेव्हाच सांगा. मॅच प्लेमध्ये ही सोय नाही. तिथे प्रतिस्पर्ध्याशी एकमत करा, नाहीतर वेळेत हरकत नोंदवून निर्णय मागा. दोन चेंडू खेळलात तर स्कोअरकार्ड देण्याआधी समितीला सगळी हकिकत सांगावी लागते. दोन्ही चेंडूंचा स्कोअर सारखाच आला तरीसुद्धा. सांगितलं नाही तर बाद.